गावपळणीचा मुका सिनेमा

परळ, मुंबई
१४ नोव्हेंबर १९६०

ती. वयनी,

पाया पडतो. दादाला वेगळं कार्ड टाकलंय, त्यात प्रकृती, पगार, गोठ्याच्या कौलांचे पैसे सगळं रीतसर आहे. हे पत्र तुला. दादा पडवीत बसून मोठ्यानं वाचणार हे ठाऊक आहे मला, वाचू दे. यात लपवण्यासारखं काही नाही.

परवा एक सिनेमा बघितला आणि तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. गावात सगळ्यांना वाटतं गुरुदास सिनेमात आहे. कसला सिनेमात! लॅबमध्ये अंधाऱ्या खोलीत दुसऱ्यांच्या फिल्मा धुतो आणि दोरीवर कपडे घालावेत तशा वाळत घालतो. पण आमचे किणीसाहेब भले माणूस. ते एका मंडळाचे सभासद आहेत. ही मंडळी परदेशातून तऱ्हेवाईक सिनेमे मागवतात आणि एका शाळेच्या हॉलमध्ये लाकडी बाकांवर बसून बघतात. मला घेऊन गेले.

वयनी, त्या सिनेमात गोष्टच नाही. गाणं नाही, मारामारी नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसते पाय. एका गल्लीतून जाणारे येणारे पाय. एक फाटका बूट रोज सकाळी जातो, संध्याकाळी परत येतो. शेवटच्या संध्याकाळी सगळे पाय परत येतात, तो बूट येत नाही. आणि कॅमेरा आपला रिकाम्या फरसबंदीकडे बघत बसतो. इतका वेळ बघतो की मागची पोरं ओरडायला लागली, "अरे, पुढे चल की!" पुढे काही नव्हतंच. दिवे लागले. मी रडत होतो. एकाही माणसाचं तोंड दिसलं नाही, आणि तरी इतकी माणसं मी एका जागी कधी बघितली नव्हती.

आता कामाचं. दादानं लिहिलंय की यंदा गावपळणीचा कौल देवाला लावायचाय. कौल मिळाला तर मी येणार. किणीसाहेब चावीचा छोटा कॅमेरा देतायत. सगळा गाव माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या घेऊन शिवेबाहेर पडतो, घरं आहेत तशी टाकून माळावर झोपड्यांत राहतो, आणि तीन दिवस गाव एकट्या देवाचा. लहानपणी मी माळावरून वळून वळून बघायचो, आता आपल्या खळ्यात काय चाललं असेल म्हणून. मला तो रिकामा गाव फिल्मवर घ्यायचाय. एकही माणूस नाही असा माणसांचा सिनेमा.

दादा गावचा मानकरी. तो हो म्हणाला की गाव हो म्हणेल. तू त्याला सांग, तुझं तो ऐकतो.

तुझा गुरू


सुरंगाळी, ता. मालवण
२५ नोव्हेंबर १९६०

चि. गुरूस आशीर्वाद.

तुझा दादा माझं ऐकतो हे तुला कोणी सांगितलं रे? ऐकत असता तर गोठा इतके पावसाळे गळला नसता. पत्र त्यानं पडवीत वाचलं. पायांचा सिनेमा म्हटल्यावर सगळी मंडळी पोट धरून हसली. तुझी आई म्हणाली, "मेल्याक मुंबैत खावक मिळता मा बरा?"

मी पण हसले. मग विहिरीवर गेल्यावर हसू आलं नाही. पाय बघायला तुला मुंबई गाठावी लागली होय? मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तू शेंबडा होतास. तेव्हापासून मी पायच बघतेय. वाढताना मान वर करायची पद्धत नाही. कोणाला भात हवा, कोणाचं पोट भरलंय, कोण रुसलाय, सगळं मला पायांवरून कळतं. मामंजी रागावले की उजवा अंगठा जमिनीत रुतवीत. तो रुतलेला दिसला की मी आमटी वाढायला दुसरीला पाठवायची. त्यांचं तोंड मी नीट बघितलं ते ते वारल्यावर, गंध-बुक्का लावून खळ्यात ठेवलं होतं तेव्हा. चांगलं नाक होतं रे त्यांचं. इतकी वर्षं मला माहीतच नव्हतं.

तर कौल उजवा पडला. देवाच्या छातीवर लावलेली पाकळी सरळ उजवीकडे खाली आली आणि सगळा गाव "व्हय म्हाराजा" म्हणून ओरडला. मार्गशीर्षात पळण आहे. तुझं मी विचारलं. दादा म्हणाला, "माणूस सोडाच, माणसाची नजर पण गावात रवाक नको. सांग तेका." वर म्हणाला, मानकऱ्याच्या भावानंच असं केलं तर गाव कोणाकडे बघणार?

माझंही तेच म्हणणं आहे, गुरू. येऊ नको. हट्ट करशील आणि येशील, तुला मी ओळखते, म्हणून पुन्हा लिहिते. येऊ नको. रिकाम्या घरांत काय बघायचंय? चूल, चटई, पाट. तुला तीच बघायची असली तर मी आठवणीनं लिहून पाठवते.

मी यंदा माळावर नसेन. आईला बरं नसतं, पळणीपुरती जामसंड्याला माहेरी जाऊन येते. तुझ्या दादानं चटकन हो म्हटलं, मलाच खरं वाटेना. जरा बदल हवा रे. हल्ली माझे हात थांबत नाहीत. घरात दोन पंगती उठतात, पण ते नवं नाही. काम संपलं तरी बोटं चालूच राहतात. त्या दिवशी सूप घेऊन पाखडत बसले होते आणि सुपात काही नव्हतं. धाकट्या जावेनं बघितलं आणि चारजणींना बोलावून दाखवलं. सगळ्या हसल्या, मी पण हसले. तेवढं बरं असतं.

तुझी वयनी
सौ. जानकी


परळ
३ डिसेंबर १९६०

ती. वयनी,

तुझं आणि दादाचं म्हणणं मान्य. नाही येत. नाहीतरी लॅबमध्ये कामाची झुंबड आहे, रजा मिळणं कठीणच होतं. तू माहेरी स्वस्थ पडून राहा, आईच्या हातचं खा. दादाला सांग, गुरू ऐकतो. कधी कधी ऐकतो.

तुझा गुरू


माळावरून
२२ डिसेंबर १९६०

चि. गुरू,

हे कार्ड झोपडीत बसून लिहितेय. मी माहेराहून पळण संपायच्या हिशेबानं परत आले, तर सगळी अजून माळावरच. आत जायचा कौल मिळेना. रोज तुझा दादा आणि गुरव तेवढे न्हाऊन ओलेत्यानं देवळात जातात, पाकळी लावतात, आणि पाकळी डावी. खाली मान घालून परत येतात. थंडी काय विचारू नको. पोरं खोकतायत, तांदूळ संपत आला, फुगड्या घालणाऱ्या बायका एकमेकींच्या झिंज्या धरायच्या बाकी राहिल्यात.

मग कोणीतरी सांगितलं की पळणीत बाबलीची होडी खाडीत दिसली होती. आपला तरीवाला बाबली, माणसं खाडीपार नेणारा. होडीत कोणी परका माणूस होता म्हणे, डोळ्याला काळा डबा लावून बसलेला. बाबलीला बोलावलं. तो म्हणतो, "होडी पाण्यात होती. कोणाचो पाय जमनीक लागूक नाय." माणूस कोण ते सांगत नाही. जाणती माणसं म्हणाली, खाडीचं निम्मं पाणी सुरंगाळीचं. भरतीला होडी निम्म्याच्या अलीकडे आली म्हणजे गावात आली. मग बाबलीचं नाव घेऊन दादानं कौल लावला, आणि पाकळी उजवी पडली. लगेच. उद्या सगळी घरी जाणार.

बाबलीची खाडीवरची तर बंद केलीय. त्याच्या होडीत कोणी पाय ठेवायचा नाही, त्याला देवळात उभं करायचं नाही. किती दिवस ते ठरलं नाही. त्याची रुक्मिणी धाय मोकलून रडली.

गुरू, काळा डबा म्हणजे काय असतं रे? तू मुंबईतच होतास ना?

मी माहेरी मजेत होते. आईनं कुळथाची पिठी केली होती, माझी आवडती. देवाच्या पाकळीचं कधी चुकत असेल का रे? असंच आपलं विचारलं.

जानकी


परळ
१० जानेवारी १९६१

वयनी,

हे पत्र अँजेलिनाबाईंच्या नावे पाठवतोय. खाडीपलीकडे शाळेत त्यांनी तुला लिहायला शिकवलं, त्या तुझं पत्र फोडणार नाहीत. दुसऱ्या कोणाच्या हाती देऊ नको. वाच आणि चुलीत घाल.

होडीतला माणूस मी. तुला माहीत होतंच, कार्डावरूनच कळलं मला. मी बोटीनं मालवणला उतरलो, बाबलीच्या हातापाया पडलो आणि तो बिचारा तयार झाला. मी मनात म्हटलं, खाडी कोणाच्याच गावची नाही. पाय ठेवला नाही, नुसते डोळे ठेवले. निम्म्या पाण्याचा नियम मला काय माहीत! बाबलीनं माझं नाव सांगितलं नाही कारण मी त्याला शपथ घातली होती.

पण मी तुला हे सांगायला लिहीत नाही.

फिल्म मी स्वतः धुतली. लॅबच्या भिंतीवर लावून बघितली. माड, कौलं, बंद दारं, खळ्यात पालथं घातलेलं टोपलं. मला वाटलं होतं काय आणि निघालं काय! त्या पायांच्या सिनेमासारखं काही नव्हतंच. किणीसाहेबांना जांभई आली. आणि मग डाव्या कोपऱ्यात देवळासमोरच्या पारावर काहीतरी हललं.

होडी हलत होती, ऊन तोंडावर होतं, घेताना मला काही दिसलं नव्हतं. भिंतीवर दिसलं. एक बाई रस्त्याच्या मधोमध चालत आली. कडेनं नाही, मधोमध. डावा पाय जरा बाहेर टाकत. पदर खांद्यावरून घसरलेला, हात मोकळे. वयनी, तू विहिरीत पडली होतीस तेव्हापासून तुझा पाय तसा पडतो. सबंध तालुक्यात तशी दुसरी बाई चालत नाही.

तू पारावर चढलीस. दादाच्या जागेवर बसलीस आणि पाय हलवत राहिलीस, लहान पोरीसारखी. मग उठून उभी राहिलीस, उजवा हात वर केलास आणि बोलायला लागलीस. बराच वेळ बोललीस. मग घाईघाईनं खाली उतरलीस, पायरीसमोर हात जोडून उभी राहिलीस, एकदाच तोंड उघडलंस. पुन्हा वर चढलीस. पुन्हा बोललीस. पुन्हा खाली. चावी संपली आणि फिल्म थांबली, तेव्हा तू खाली हात जोडून उभी होतीस.

माझ्या फिल्मला आवाज नाही. तू काय बोलत होतीस? कोणाशी? तुझ्या अंगात आलं होतं का? तू माहेरी गेलीच नव्हतीस, मग इतके दिवस खाल्लंस काय? बरी आहेस ना तू? मला खुर्चीत बसवत नाही. तो तुकडा मी इतक्यांदा बघितलाय की डोळे मिटले तरी तू चढते-उतरतेस. आणि खरं सांगू? मी आजवर बघितलेल्या कुठल्याही सिनेमात इतकं खरं माणूस नाही.

गुरू


सुरंगाळी
२१ जानेवारी १९६१

गुरुदास,

शिरा पडो तुझ्या त्या डब्यार! अँजेलिनाबाईंनी मला शुद्ध लिहायला शिकवलं, पण राग आला की माझ्या तोंडात मालवणीच येते. तुझं पत्र त्यांच्या पुढ्यात वाचलं, त्यांनी विचारलं कोण गेलं का म्हणून.

गाव रिकामा म्हणून मी तिथं बसले होते. कोणी बघत नाही म्हणून. दार लावून न्हाणाऱ्या बाईकडे फटीतून बघावं तसं केलंस तू, आणि वर मला सांगतोस किती खरं माणूस! खरी असेन नाहीतर खोटी, तुला विचारून होते का? आणि तू मला विचारलंस का? नको म्हणून दोनदा लिहिलं होतं. तुला वाटलं वयनी देवाला भिते.

मी गेलेच नव्हते जामसंड्याला. तिठ्यापर्यंत गेले आणि काजूच्या बागेतून परत फिरले. आईला सांगितलं होतं माळावर आहे, माळावर सांगितलं होतं आईकडे आहे. चूल पेटवली नाही, धूर दिसेल म्हणून. पोहे आणि गूळ खाल्ला. भूक लागली नाही फारशी. काय बोलत होते ते विचारू नको. सांगणार नाही.

तेवढा तुकडा काप आणि जाळ.

आणि बाबलीचं काय करायचं ते सांग. तर बंद, म्हणजे त्याची कमाई बंद. रुक्मिणी मासळीची पाटी डोक्यावर घेऊन पुलाकडून वळसा घालून बाजारला जाते. काल वाटेत भेटली. मला बघून हसली, "वयनी, तुमचो पाय कसो आसा?" म्हणाली. माझ्या पायाची चौकशी करते ती! तिचा नवरा तोंड उघडत नाही, त्याच्या आडोशाला तू एक आणि मी एक, दोघं गप्प बसलोय. मला जेवण जात नाही.

तुझा दादा माझ्या शब्दावर विश्वास ठेवणार नाही, भावाच्या ठेवील. आधी तू लिही त्याला की होडीत तू होतास आणि जमिनीवर उतरला नाहीस. बाबलीला सोडव. मग माझं मी बघते.

जानकी


परळ
१२ फेब्रुवारी १९६१

ती. वयनी,

दादाला लिहिलं. त्याच दिवशी लिहिलं. सगळं माझ्यावर घेतलं, तुझं नाव नाही. तीन आठवडे होत आले, उत्तर नाही. रोज पोस्टमनच्या वाटेवर उभा असतो. गावात काय झालं? बाबलीची तर सुरू झाली का?

आता शिव्या घालशील, घाल. तुझं पत्र येण्याआधीच मी फिल्म मंडळात दाखवली होती. किणीसाहेब म्हणाले दाखवूया, आणि मला राहवलं नाही. माझ्या जन्मात मी एकदाच काहीतरी केलं होतं.

रिकामी घरं बघून लोक चुळबुळायला लागले. दोघं उठून गेले. तू रस्त्यात आलीस तेव्हा सगळे गप्प झाले. तू पहिल्यांदा पारावरून उतरलीस तेव्हा कोणीतरी फिसकन हसलं. दुसऱ्यांदा उतरलीस तेव्हा कोणी हसलं नाही. दिवे लागल्यावर वादावादी. एकजण म्हणाला वेडी आहे. एक म्हणाला नटी आहे, शिकवून उभी केलीय, मला विचारत होता कुठल्या कंपनीतली. एका प्रोफेसरांनी बरंच काही सांगितलं, ते मला कळलं नाही. मागच्या बाकावर एक म्हातारी पारशीण बसते, ती शेवटी एवढंच म्हणाली, "ती स्वतःलाच जवाब देते रे. बिचारीला जवाब देणारा कोणी नाय." मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

आता मंडळवाल्यांना ही फिल्म परदेशी पाठवायचीय. मी हो म्हटलेलं नाही. कात्री घेऊन बसलो होतो. तू नसलीस तर उरतात नुसती बंद दारं, आणि मला वाटलं होतं तोच माझा सिनेमा. तू असलीस तर सिनेमा आहे, पण तो माझा नाही, तुझा आहे. कात्री लावली होती, हात पुढे गेला नाही. पण तू पुन्हा काप म्हटलंस तर कापेन. देवाशपथ कापेन, आणि इथंच बादलीत जाळीन. तू सांगशील ते.

तुझा गुरू


सुरंगाळी
६ मार्च १९६१

चि. गुरूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दादाला पोचलं होतं. पडवीतच बसला होता, पण मोठ्यानं वाचलं नाही. मनात वाचलं, उठला, आत आला आणि चुलीत घातलं. मी भाकरी थापत होते. मला म्हणाला, "गुरूचा पत्र इला नाय आज." मी त्याच्या पायांकडे बघितलं. उजवा अंगठा शेणाच्या जमिनीत रुतला होता, मामंजींचा रुतायचा तसाच. म्हटलं उद्या बोलेल, परवा बोलेल. भावाला वाचवत होता, घराचा मान वाचवत होता. तिकडे बाबलीनं होडी उलटी करून ठेवली होती.

मग शिमगा आला. सगळा गाव देवळासमोर जमला. बायका एका बाजूला आरतीची तबकं घेऊन. बाबली गर्दीत नव्हता, लांब माडाखाली उभा होता, त्याला जवळ यायची मनाई. तुझा दादा पारावर उभा राहिला, हात वर केला आणि गाऱ्हाणं घालायला लागला. गावाची गुरंढोरं राख, मुंबैकार चाकरमानी राख. प्रत्येक मागण्याला गाव म्हणत होता, "व्हय म्हाराजा." मग म्हणाला, बाबलीच्या हातून जो अपराध झालो तेची सजा तेका एकट्याक दी, गावाक नको.

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. माझ्या शेजारच्या बायका पण म्हणाल्या. गुरू, माझे हात चालायला लागले. तबक हातात होतं आणि मी ते पाखडत होते. अक्षता भुईवर सांडल्या.

मी पुढे गेले. पारावर चढले नाही, पायरीशी उभी राहिले. म्हटलं, "होडयेत माझो देर होतो, गुरू. तेचो पाय जमनीक लागूक नाय. गावात होतंय ती मी."

ढोलवाला काठी वर धरून तसाच. तुझा दादा वरून माझ्याकडे बघत होता. मला वाटलं लाथ घालील. तर म्हणाला, "कित्याक?"

इतक्या वर्षांच्या संसारात त्यानं मला कशालाही का, कित्याक म्हणून विचारलं नव्हतं. मी मान वर केली. म्हटलं, त्या दिवशी देवाला सांगितलं तेच सांगते. गुरू, तुला सांगणार नव्हते, पण आता सगळ्या गावानं ऐकलंय, तू कशाला राहशील. मी पारावरून हे म्हणत होते:

"बा देवा रवळनाथा, तू गावाचो धनी. तुका माणसांचो कंटाळो येता, म्हणान तीन वर्सांनी आमी तुका गाव मोकळो करून देतो. तू एकटो फिरतंस, एकटो बसतंस, कोणाची हाक नाय, कोणाचा मागणा नाय. बा देवा, तू देव असान तुका कंटाळो येता, मी तर माणूस. माका पण असो दिस दी. कोणाचा रांदप नको, कोणाचा उष्टा नको. घडीभर घर मोकळा दी. इतक्याच मागणा, म्हाराजा."

आणि म्हटलं, गाऱ्हाणं घातलं पण "व्हय म्हाराजा" म्हणायला गावात कोणी नव्हतं. तसं म्हटल्याशिवाय देवाला पोचत नाही ना? म्हणून मीच खाली उतरायचे, गाव व्हायचे, म्हणायचे, आणि पुन्हा चढायचे. तुझ्या मुक्या सिनेमात तेच चाललंय. वेड नाही लागलं मला, तुझ्या त्या माणसाला सांग.

मागे एक पोरगी हसली, तिच्या आईनं तिला चिमटा काढला. मग सगळं गार. देवळातली घंटासुद्धा कोणी वाजवली नाही. मी उभी. मला वाटलं, आता इथंही माझं मलाच म्हणावं लागणार. तोंड उघडणार एवढ्यात माडाखालून आवाज आला. मोठा, खाडीच्या पलीकडच्याला हाक मारतात तसा.

"व्हय म्हाराजा!"

बाबली होता. ज्याला जवळ यायची बंदी तो. मग रुक्मिणी म्हणाली. मग तुझी आई म्हणाली, गुरू! कधी मला शब्दानं बरं म्हटलं नाही त्या बाईनं. मग सगळ्या बायका. पुरुष कोणी म्हणाले नाहीत, पण कोणी आम्हाला गप्पही केलं नाही. मी तिथंच मटकन बसले आणि रडले, अगदी मोठ्यानं, लाज सोडून.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुझा दादा उठला, बंडी चढवली आणि खाडीवर गेला. बाबलीला होडी सरळ करायला लावली, तीत बसून पलीकडे गेला आणि तसाच परत आला. पलीकडे त्याचं काही काम नव्हतं. दुपारपर्यंत तर सुरू झाली.

मला जाणत्यांनी सजा दिलीय. पुढची पळण होईपर्यंत देवळाची पायरी बंद. सोमवारी पालखीला घरातली सगळी जातात, लहानथोर सगळी. मी तेवढी घरी. सजा सांगताना गुरव खाली बघत होता, त्याला वाटलं मी रडेन. मला हसू आलं होतं, पदर तोंडाला लावला.

फिल्म कापू नको. पाठव खुशाल कुठं पाठवायची ती. गोऱ्या माणसांनी बघितलं तर बघू दे, ती काय सुरंगाळीला येणार आहेत? पण गुरू, एक कर. जिथं दाखवशील तिथं तू मागे अंधारात बसत जा. मी पारावरून खाली उतरायला लागले की तू म्हण. मोठ्यानं म्हण, लाजू नको. मला सारखं उतरायला लावू नको.

आज सोमवार. मघाशीच सगळी पालखीला गेली. ढोल ऐकू येतोय. चूल विझवलीय, सूप खुंटीला आहे, आणि हे पत्र मी पडवीत तुझ्या दादाच्या जागेवर बसून लिहितेय.

तुझी वयनी
जानकी